पाण्याखालच्या गावासाठी प्रोसेसर

आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक गल्ली उजाडायला चहाचं आधण ठेवल्यापासून भाजी चिरून होईपर्यंतचा वेळ लागायचा. आधी पडद्यावर नुसता राखाडी धुरळा असे. मग वरच्या कोपऱ्यातला एक चौकोन उजळायचा आणि त्यात माळवदाची कड दिसायची. शेजारच्या चौकोनात आभाळ. मग भिंत, मग खुंटी, मग दाराशी ठेवलेला रांजण. मी स्वयंपाकघरातून डोकावायचे तेव्हा कधी अर्धाच रांजण आलेला असायचा आणि आमचे हे हाताची घडी घालून उरलेल्या अर्ध्याची वाट बघत बसलेले असायचे.

"आलं का गाव?" मी विचारायचे.

"वेशीपर्यंत आलंय."

गाव त्यांचं. पैनगंगेवर धरण झालं तेव्हा ते पाण्याखाली गेलं. हे तेव्हा शाळकरी होते. मी हिंगोलीची. लग्न होऊन गेले तेव्हा सासर म्हणून मला पुनर्वसनातली पट्टीनं आखलेली गल्ली मिळाली आणि मूळ गाव म्हणून पाणी दाखवण्यात आलं. धरणाच्या काठावर उभे राहून हे बोट करत होते, "ती शाळा. तो मारुती. तिथून डावीकडं आमचं घर." बोट जिथं जिथं गेलं तिथं तिथं सारखंच पाणी होतं आणि एक पाणकावळा होता. मी मान डोलावली. नव्या नवरीनं सासरच्या प्रत्येक गोष्टीला मान डोलवायची असते, आणि पाण्याला डोलवणं त्यातल्या त्यात सोपं.

हे चित्रकलेचे मास्तर. निवृत्त झाल्यावर आमच्याकडची माणसं एकतर आत्मचरित्र लिहायला घेतात किंवा कुठल्यातरी संघाचे अध्यक्ष होऊन शाली गोळा करतात. ह्यांनी दोन्ही केलं नाही. पडद्यावर घरं, झाडं, डोंगर घडवता येतील असा एक फुकटातला प्रोग्रॅम मिळवला, त्याचे धडे बघून बघून तो शिकले आणि एक दिवस मला बोलावून पांढरा ठोकळा दाखवला. "हे काय?" म्हटलं. "आमचं घर," म्हणाले. पुढं त्या ठोकळ्याला दार आलं, दाराला कडी आली, भिंतीला मातीचा रंग आला आणि पोपडेही आले. माझी उभी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. गावांचे इतिहास मी पुष्कळ हाताळले. बहुतेकांत गावापेक्षा लिहिणाऱ्याच्या घराण्याची कर्तबगारी जास्त असते. ह्या गावात मात्र कुणीच कर्तबगार नव्हतं. कुणीच नव्हतं. नुसत्या भिंती, नुसतं ऊन, आणि एका ओट्यावर वाळत घातलेल्या मिरच्या.

दुपारी जरा पडले की ते गाव माझ्याही झोपेत यायला लागलं. स्वप्नातही ते चौकोनाचौकोनानं उजळायचं. वर आभाळाच्या जागी पाणी असायचं, स्वच्छ, त्यातून ऊन हलत हलत खाली गल्लीत यायचं. मी अनवाणी उभी असायचे आणि पाय मात्र कोरडे असायचे. जागी झाले की बाहेरच्या खोलीतून कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर ऐकू यायची आणि काही क्षण कळायचं नाही, की हे कुणाचं स्वप्न चाललं आहे.

मग ह्यांच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. नांदेडच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की समोरचं दिसत राहील, पण बाजूचं हळूहळू मिटत येईल. थेंबांनी वेग कमी होईल. गेलेलं परत येणार नाही. परतीच्या वाटेवर कळमनुरी मागं पडल्यावर हे म्हणाले, "मला एकदा घरापासून नदीपर्यंत चालत जायचंय. मधे न थांबता."

त्या प्रोग्रॅममध्ये बाणाची कळ दाबून आपण बनवलेल्या जागेतून चालत जाता येतं. पण आमच्या कॉम्प्युटरवर एक पाऊल टाकलं की गाव दम खायला बसायचं. पडदा थिजायचा. पुन्हा हलायचा तेव्हा आपण मारुतीच्या भिंतीत अडकलेलो असायचो. एकेक चित्र सुटं बघता येत होतं. चालता येत नव्हतं. म्हणजे नवा प्रोसेसर हवा होता, आणि तो डोळे जायच्या आधी यायला हवा होता.

त्यानंतर आमच्या घरात प्रोसेसर हा विषय मुलीचं स्थळ बघावं तसा चालू राहिला. कुळ कोणतं, पिढी कितवी, बैठक जुळते का, स्वभाव गरम आहे का. हे वाचून दाखवायचे आणि मी ज्वारी निवडत ऐकायचे. बनवणाऱ्या कंपन्या मुख्यतः दोन, आणि त्यांच्या भक्तांची भांडणं शैव-वैष्णवांना लाजवतील अशी. नावांचा थाट तर विचारू नका. साधा प्रोसेसर कुणी बनवतच नाही. कुणी प्रो, कुणी अल्ट्रा, कुणी एक्स्ट्रीम. आमच्या चौकातल्या वाढदिवसाच्या फलकांवर जसा साधा कार्यकर्ता सापडत नाही, सगळे सम्राट असतात, तसंच. "ह्यात काम करणारा कोणता आहे ते शोधा," मी म्हणाले.

"तेच शोधतोय. कामाचे गडी किती, हे बघावं लागतं. त्याला ते कोअर म्हणतात."

"मग जास्त गडी असलेला घ्या."

"तसं नाही ना. खुरपणीला बारा बाया लावल्या तर काम लवकर उरकतं. विहिरीत बारा माणसं उतरवली तर दोघं खणतात आणि दहा वरून अक्कल सांगतात."

"मग तुमचं काम खुरपणीचं का विहिरीचं?"

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "चित्र पूर्ण रंगवायचं म्हटलं तर खुरपणीचं. चालायचं म्हटलं तर विहिरीचं."

ज्वारीतले खडे मी बाजूला करत होते. एवढं स्वच्छ उत्तर मला कुठल्या ग्रंथातही मिळालं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. नवऱ्याला फार सांगू नये.

हिंगोलीच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदार ह्यांचा विद्यार्थी. आमच्या जिल्ह्यात ह्यांचा विद्यार्थी नसलेला दुकानदार शोधावा लागतो. दारातच एक काचेची पेटी ठेवली होती. आत पंखे फिरत होते आणि इंद्रधनुष्याचे सगळे रंग आळीपाळीनं पेटत होते. गणपतीच्या मखरात गणपती बसवायचा राहून गेला असावा, असं ते दिसत होतं.

"या सर, या काकू. हे बघा, आपल्याकडचं टॉप मॉडेल. जिल्ह्यात दोनच पीस आले. एक गेलं."

"कुणाकडं गेलं?" ह्यांनी विचारलं.

"एका साहेबांच्या पोरानं नेलं. गेम खेळून राहिला."

"आणि दिवे कशाला?"

"दिसायला भारी दिसतं न सर!"

"मला हल्ली कमीच दिसतं," हे म्हणाले. "दिव्यांशिवायचं दाखव."

दुकानदार मनानं चांगला. त्यानं टेबलावर दोन खोकी ठेवली. एक मोठं, सोनेरी अक्षरांचं. त्यात सोळा कोअर. दुसरं लहान, निळसर, त्यात सहा. "सर, मोठंच घ्या. बराबर दहा वर्षं बघायला नको."

हे मोठं खोकं डोळ्यांसमोर नेमकं धरून सगळी बारीक अक्षरं वाचत राहिले. शेवटी म्हणाले, "ह्याला चित्र काढता येत नाही."

"म्हणजे?"

"ह्याच्या पोटात ग्राफिक्स नाही. पडद्यावर काही दाखवायला वेगळं कार्ड बसवावं लागेल. नुसता मेंदू, हात नाहीत. ह्या लहान्यात ते आतच आहे." मग मान वर करून, "तुला चित्रकलेत किती मार्क होते रे?"

"नापास केलं व्हतं सर तुमी. चित्रकलेत कुणी नापास करतं का? घरी बापानं इतकं हाणलं!"

"झाड निळं काढलं होतंस."

"आता निळंच विकून राहिलो बघा," असं म्हणून त्यानं लहान खोकं पुढं सरकवलं. आमची निवड झाली. सोबत नव्या बैठकीचा मदरबोर्ड घ्यावा लागला, कारण जुन्यावर हा प्रोसेसर बसत नव्हता. जोडायला मात्र दुकानदार तयार होईना. "आज अमावस्या हाय सर. आज मशीन उघडलं अन् काही झालं तर तुमी मलाच म्हणाल. उद्या दुपारी घरी येऊन बसवतो." विज्ञानाच्या त्या मंदिरात, इंद्रधनुष्याच्या उजेडात, तो हे अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाला. आम्ही प्रोसेसरचं आणि मदरबोर्डचं अशी दोन खोकी पिशवीत घालून घरी आलो.

घरी अक्का आलेली होती. अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. कळमनुरीत दिली आहे. गाव बुडालं तेव्हा तिचं लग्न ठरलेलं होतं. भाऊ काहीतरी "गावाचं" करतो आहे आणि त्यासाठी नवं यंत्र येणार आहे, एवढं तिच्या कानावर होतं, तेवढ्यावर ती एसटीनं आली. ह्यांनी तिला खोकं उघडून दाखवलं. आत पारदर्शक डबीत तो प्रोसेसर, खारी बिस्किटापेक्षाही लहान.

"एवढंसं?" अक्का म्हणाली. "ह्याच्यात गाव बसतंय?"

"बसेल."

"देवापुढं ठेव. नवी वस्तू हाय."

ह्यांनी ठेवली. मी देव मानण्याच्या बाबतीत टाळाटाळ करणारी आहे, पण देवघर ही घरातली सगळ्यात सुरक्षित जागा, हे मलाही मान्य आहे. तिथं कुणी चहा सांडत नाही.

सकाळी अंघोळ करून अक्का देवघरात बसली. मी कणीक मळत होते. आतून तिचा आवाज आला, "काहून असं पालथं ठेवलं रे ह्याला?"

हे धावत गेले, मीही गेले. अक्कानं डबी उघडली होती. प्रोसेसरची एक बाजू साध्या पत्र्यासारखी असते, वर काही अक्षरं कोरलेली. दुसऱ्या बाजूला मात्र सोन्याचे बारीक बारीक ठिपके, रांगोळीसारखे ओळीनं मांडलेले. ती खरी खालची बाजू. तिथूनच तो बोर्डाशी बोलतो. पण सोन्यानं मढवलेली बाजू खाली आणि पत्र्याची वर, हे जगातल्या कुठल्या देवाला पटेल? अक्कानं त्याला उलटून सुलटा केला होता आणि सोन्यावर ओल्या हळदीची पाच बोटं ओढली होती. त्यावर कुंकू. वर दोन अक्षता. हळद घरची, म्हणजे अक्काच्या शेतातली. तिचा रंग पातेल्यालासुद्धा सोडत नाही.

ह्यांच्या चेहऱ्याकडं बघून अक्कालाच कळलं. "चुकलं का काही?"

"नाही," हे म्हणाले. "तसं काही नाही."

"खोटं बोलून राहिला तू. लहानपणीबी असाच बोलायचा, नाक फुगवून." आणि ती मागच्या दाराशी जाऊन बसली. तिनं न्याहारीला हात लावला नाही.

दुकानदाराला मी फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "काकू, वारंटीत हळद बसत न्हाई."

ह्यांनी खिडकीशी टेबल ओढलं. पांढरा रुमाल अंथरला, दवाखान्यातल्यासारखं स्पिरिट वाटीत घेतलं आणि पेटीतून खारीच्या केसाचा सगळ्यात बारीक ब्रश काढला. मी बॅटरी धरून उभी राहिले. एकेका ठिपक्यावरून ब्रश फिरत होता. ब्रशाचं टोक पिवळं होई, ते पुसायचं, पुन्हा बुडवायचं. बाहेर हातगाडीवाला ओरडत गेला, कुणाची तरी जीप चालू होत नव्हती, ऊन टेबलावरून सरकत खुर्चीवर गेलं. मला एकदम जाणवलं, की गेल्या कित्येक महिन्यांत हे मान इकडं तिकडं न वळवता पहिल्यांदाच काही बघत होते. रस्ता ह्यांना पुरता दिसत नसे, ताट पुरतं दिसत नसे, माझा चेहरा बघतानाही डोळे जरा शोधत फिरत. हा एवढासा चौकोन मात्र त्यांच्या उरलेल्या नजरेत अख्खाच्या अख्खा मावत होता. मी बॅटरी हलू दिली नाही.

दुपारी दुकानदार आला. त्यानं भिंग लावून बघितलं, नाकानं वास घेतला, आणि म्हणाला, "सर, साफ तर कंपनीपेक्षा झालं. चालंल का न्हाई ते चालू केल्यावर कळंल." त्यानं बसवलं. पंखा जोडला. बटण दाबताना त्यानं मनात काहीतरी म्हटलं. ओठ हलताना मी बघितले. पडदा काळा. काळाच. मग कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकली, आणि त्यामागून अक्षरं धावत आली.

"अक्का," ह्यांनी हाक मारली. "ये. गाव बघायला ये."

अक्का आली, पदरानं तोंड पुसत. तिला खुर्ची दिली. मी मागं उभी राहिले. दुकानदाराला दुसरीकडं जायचं होतं, पण तोही दारात थांबला. ह्यांनी प्रोग्रॅम उघडला. घराचं दार समोर आलं, सगळंच्या सगळं एकदम, चौकोन नाहीत, धुरळा नाही. ह्यांनी बाणाच्या कळेवर बोट ठेवलं.

आम्ही निघालो. गल्ली मऊपणे मागं सरू लागली. मिरच्यांचा ओटा गेला, रांजण गेला. कुठं अडखळणं नाही. मला दुपारच्या झोपेतलं ते ऊन आठवलं आणि नकळत मी पायाकडं बघितलं. मारुती आला, गेला. शाळा आली, गेली. वेस. उतार. पाणी.

दूध उतू जायलाही याहून जास्त वेळ लागतो.

ह्यांचं बोट कळेवर तसंच होतं. मागं गेले, पुन्हा दारापासून निघाले. पुन्हा पाणी. तिसऱ्यांदा ते जरा सावकाश निघाले, तरी नदी आलीच. "एवढंच होतं?" ते म्हणाले. आम्हा कुणाला नव्हे, नुसतंच. जुना कॉम्प्युटर होता तोवर गाव मोठं होतं. एका गल्लीला चहापासून भाजीपर्यंतचा वेळ लागायचा. आता ते हवं तसं चालत होतं आणि चालायला जागाच उरत नव्हती. ज्याच्यासाठी एवढं सगळं केलं ते त्यांना मिळालं होतं, आणि त्यांचा चेहरा मला बघवेना.

"सर, फास्ट झालं न?" दुकानदार म्हणाला. त्याला बिचाऱ्याला वाटलं, हे कौतुकानं गप्प आहेत. तो गेला.

अक्का पडद्याकडं बारीक डोळे करून बघत होती. "तू हिकडून कुठं चालून राहिला?"

"नदीवर."

"हिकडून जातात का नदीला?"

"मग कुठून? वेशीतूनच वाट होती, अक्का."

"तुमची असंल. पारावर समदे म्हातारे बसायचे. बायांनी काय त्यांच्या पुढून जायचं? घागर सांभाळावी का डोक्यावरला पदर?" तिनं पडद्यावर बोट टेकवलं, घराच्या भिंतीवर. "परड्यातून वाट व्हती. मागं घे."

ह्यांनी घराला वळसा घातला, आणि मी प्रथमच ते बघितलं. घरामागं काही नव्हतं. भिंतीला मागची बाजूच नव्हती. पलीकडं सगळं सपाट, राखाडी, जिथवर नजर जाईल तिथवर. साऱ्या गावाचं तसंच. तोंडं होती, पाठी नव्हत्या.

"अगं बाई," अक्का म्हणाली, "राख केली व्हय रे समद्याची?"

"मला माहीत नव्हतं ना," हे म्हणाले. "मी मागून कधी गेलोच नाही."

"तू कशाला जाशील? पोरगा तू. लिही आता. परड्यात आधी शेवगा. डाव्या अंगाला."

ह्यांनी डावीकडं मान वळवली, सवयीनं, मग लक्षात येऊन पुन्हा सरळ केली, आणि शेवगा लावला. अक्का म्हणाली, वाकडा व्हता, वाकडा केला. मग दोन भिंतींमधली बोळ, इतकी अरुंद की घागर घेऊन समोरून दुसरी बाई आली तर एकीनं मागं जायचं. मग उकिरडा, त्याला वळसा. मग कुंभाराच्या भट्टीची मागली बाजू, तिथं थंडीत पोरी थांबायच्या. तिथून पुढं वाट उतरायची ती वेशीच्या घाटाकडं नाही, वरच्या अंगाला, बायांच्या पाण्यावर. हा घाट ह्यांना ऐकूनसुद्धा माहीत नव्हता. अक्का बोलत होती आणि तिच्या बोलण्यामागोमाग पडद्यावर माती येत होती, भिंती उठत होत्या. यंत्र आता वाट बघायला लावत नव्हतं. तिचं वाक्य संपेस्तोवर ती जागा झालेली असे. संध्याकाळी मी पिठलं-भाकरी केली तेव्हा ती जेवली, आणि जेवतानाही सांगत होती.

ती तीन दिवसांसाठी आली होती, पण मुक्काम वाढवला. घरी फोन करून सांगितलं, "मी हितंच हाय, गावाकडं." तिच्या घरच्यांना काय कळलं कोण जाणे.

वाट पुरी झाली त्या दिवशी ह्यांनी खुर्ची तिला दिली. कळ दाखवली. "ही दाब. दाबून धरलं की आपण चालतो."

अक्कानं पदर डोक्यावर घेतला. कळ एकदा दाबली, सोडली. परडं जरासं पुढं सरकलं. पुन्हा दाबली, सोडली. शेवगा एका पावलानं जवळ आला. हे तिच्या डाव्या बाजूला बसले होते, पडद्याकडं सरळ तोंड करून, सगळं नजरेत यावं म्हणून; मी दोघांच्या मागं. बोळीच्या तोंडाशी यायलाच बराच वेळ गेला.

"अक्का, दाबून धर ना," हे म्हणाले. "थांबत थांबत कशाला?"

"घागर हाय डोक्यावर," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "पळू का?"

बोळीत सावली होती. एकेक पाऊल टाकत अक्का पुढं चालली होती, तिच्यामागं हे, त्यांच्यामागं मी, आणि नदी अजून दिसत नव्हती.